आधीच धुतलेले पाय

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "पायाला कापूस लागला की तिथं बोट ठेवा." मी वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने विचारले, "सुरू केलं का?"

"संपलंसुद्धा," ते म्हणाले. "उघडा डोळे."

मग त्यांनी सरळ सांगितले, लेप्रसी. म्हणजे कुष्ठरोग. पायाची नस सुजली होती, त्याला न्यूरायटिस म्हणतात. तिच्यामुळे डाव्या पावलाला थंड-गरम कळत नव्हते.

सेवाग्रामच्या दवाखान्यात मी आलो होतो भाजलेला पाय घेऊन. पुलगावच्या आमच्या लहानशा मंडळीत पवित्र गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. त्या बारांत ज्याचे नाव असते तो घरूनच टाचा घासून, तेल लावून येतो. पाळकांपुढे मळका पाय कोण नेणार? त्या वर्षी माझे नाव होते. मी मंडळीचा पंच, त्यात काटेकोर. चुलीवरचे पाणी घमेल्यात ओतून डावा पाय बुडवला आणि सावकाश भिजू दिला. घासायला हात घातला तेव्हा हात पोळला. पायावर तोवर फोड आले होते.

हे ऐकून डॉक्टर हसले. "अहो, तिथं धुवूनच मिळणार होते ना?"

मला हसू आले नाही. मी एवढेच विचारले, "मंडळीत पुन्हा बसता येईल का?"

"औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. बसा की खुशाल."

लागणीचे समजले. पण लोक शेजारी बसतील का, हे डॉक्टर कसे सांगणार?

स्किन स्मिअर केले. यात कानाच्या पाळीला बारीकशी चीर देऊन तिथला द्रव काचेवर घेतात आणि जंतू पाहतात. दुखते, पण दाढ काढण्याइतकेही नाही. डॅप्सोनची गोळी रोज, रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदा. दुसऱ्या गोळीने लघवी लाल होते. मी घाबरलो होतो, तुम्ही घाबरू नका.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून. काट्यावर घट आली की ती कुठे झाली हे शोधायची सवय. खाटेवर पडून मी तेच करू लागलो. कोणत्या पापाची ही शिक्षा? शेजारच्या खाटेवर आष्टीकडचे सुखदेवभाऊ होते, बौद्ध, शेती करणारे. त्यांनी एकदा विचारले, "काय पुटपुटून राह्यले दिवसभर?" मी सांगितले. ते इतके हसले की सिस्टर आली.

"मले गावचे लोक म्हणे, मागच्या जन्माचं पाप हाय. तो हिशेब आमच्या बापानं दीक्षा घेतली तवाच फेकून देल्ला. अन् तुम्ही या जन्माचं शोधून राह्यले! जंतू हाय भाऊ, जंतू. गोळी खा."

गोळी खाल्ली. आजार ही शिक्षा नव्हे, हे हळूहळू पटले. पाप मात्र मला तिथेच दिसले. जखम धुवायला बायको आली की मी पाय चादरीत ओढून घ्यायचो. ती एकदा चिडली. "काऊन लपवता? मी का पाय पाह्यला नाई कधी?" तिने पाय मांडीवर घेतला आणि जखम धुतली. मी रडलो. क्षमेवर माझा आयुष्यभर विश्वास होता, पण ती मागायची वेळच येऊ नये असा माझा बंदोबस्त असे. देवापुढेही मी टाचा घासूनच जात होतो.

सुटी मिळाल्यावर मी पाळकसाहेबांना म्हटले, "मंडळीला रोगाचं नाव सांगून टाका." त्यांनी सांगितले.

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला गेलो. आमच्याकडे सगळ्यांना एकच प्याला. वेदीपुढच्या कठड्याशी ओळीने गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब एकेकाच्या ओठाशी प्याला धरतात. मी सगळ्यांत शेवटी जायचे ठरवले, म्हणजे माझ्यानंतर कुणाला प्यावे लागणार नाही. हीच नम्रता, असे मला वाटत होते.

सगळे झाल्यावर मी जाऊन टेकलो. मागे बाक करकरला. मार्थाबाई, आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत तिखट, अजून कठड्याशी गेल्याच नव्हत्या.

"सरका पंचसायेब. सगळा कठडा काय तुमच्या नावावर हाय?"

त्या माझ्या पलीकडे टेकल्या. मी प्यालो. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे कड पुसली आणि प्याला त्यांच्या ओठाशी धरला. त्या प्याल्या.

"आता हात द्या," त्या म्हणाल्या. "गुडघे धरले माहे."

मी हात पुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला आणि बाकापर्यंत सोडला नाही.

अंगावर बधिर डाग असेल तर तो दडवू नका, लगेच दाखवा. औषध आहे, माझे पूर्ण झाले. पाऊल बधिरच राहिले, ते रोज पाहावे लागते. मार्थाबाई आता नाहीत. प्रभुभोजनाला मी अजूनही शेवटीच उठतो. बाकावर कुणी मागे राहिले असेल तर आधी त्याला जाऊ देतो, आणि मग त्याच्या पलीकडे जाऊन टेकतो.