फ्रिजमागचा खांब

नववीची परीक्षा झाल्यावर मुलगी तीन आठवड्यांच्या निवासी अभियांत्रिकी शिबिराला गेली. वसतिगृह दादरला, आमची चाळ लालबागला. तरी मधे घरी यायची परवानगी नव्हती. प्रकल्प म्हणून तिने आपल्याच चाळीची लाकडी प्रतिकृती घेतली, मूळ मापाच्या विसाव्या हिश्शाची. मापे मी फोनवर सांगायचो. खोली बारा फूट दोन इंच, तुळई नऊ इंच, सागवानी खांब सहा बाय सहा.

खांबाचे माप मी छताजवळ घेतले होते. तिथे तो खरेच सहा इंच आहे. खाली फ्रिज दोन इंचांनी अडत होता, म्हणून सुताराकडून मी तो तासून घेतला होता. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आमच्या वर दोन मजले राहतात. कोणाला सांगितले नव्हते.

रविवारी सकाळी पालकांना बोलावले होते. प्रतिकृती मोटरवर भूकंपासारख्या हलणाऱ्या टेबलावर ठेवलेली. आत फ्रिजसुद्धा होता. माणसांच्या वजनाला लोखंडी नट. आमच्या खोलीत तीन.

"हा तुम्ही," ती म्हणाली. "पोटामुळे मोठा घेतला."

टेबल नव्वद सेकंद हलले. नट बारीक किणकिणत सरकले. चाळ उभी राहिली. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

दुपारी घरी आलो. बायको आत झोपली होती. मांडणीवरचे पेले तसेच बारीक किणकिणत होते. आमच्या गल्लीत बस येत नाही. मी पंखा बंद केला, मग फ्रिज. आवाज थांबेना.

मुलीला फोन लावून खरे माप सांगितले: खालचे पाच फूट, सहा बाय चार.

"अडीच मिलिमीटर काढते," एवढेच ती म्हणाली. फोन चालूच ठेवला. कानस घासल्याचा आवाज आला, मग मोटरचा, मग नटांचा. मी सेकंद मोजत होतो. एकोणिसाव्याला काहीतरी मोडले. नंतर नटांचा आवाज आला नाही.

"बाबा, आई कुठे आहे?"

"आत. झोपलीय."

"तिला उठवा. आणि वरच्यांना सांगा."

बायकोला गॅलरीतून खाली पाठवले आणि मी जिना चढू लागलो. वरच्यांना काय सांगायचे ते मनात मांडत होतो: दोन इंच, पाच फूट, अकरा वर्षे.