सायबाच्या कबरीवरची ओटी

वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की त्याला अंगठे धरून उभं करणारा मास्तर मी. जळगावात इंग्रजी शिकवतो, मेहरूणला राहतो, आणि भरअमावास्येलाही पिंपळाखालून बिनदिक्कत जातो. हे मीच लिहितोय म्हटल्यावर ओळखीच्यांना हसू येईल… येऊ दे.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. शेताच्या बांधालगत एक चुनेगच्ची कबर आहे — ‘सायबाची कबर’. नाना, म्हणजे माझे वडील, मिशीला पीळ देऊन सांगायचे — पणजोबांनी एका गोऱ्या सायबाला वाघापासून वाचवलं, त्यानं खूश होऊन जमीन दिली, आणि पुढे तो इथंच वारला. घरात लग्न निघालं की पहिला मान कबरीचा. माय तिथं खण, नारळ, हिरव्या बांगड्या ठेवून ओटी भरायची. ही वाघाची गोष्ट मी वर्गात कितीदा छाती फुगवून सांगितली असेल!

महायुद्धाच्या थोडं आधी एक तरुण साहेब पूर्वजांच्या कबरी शोधत जळगावला आला. त्याचे पणजोबा खानदेशात अंमलदार होते. आडनाव ऐकलं आणि मी उडालोच, नाना सांगत तेच! त्याला थेट गावी नेलं.

भर दुपारी कबरीपाशी उभं राहून मी वाघ चांगला रंगवला. साहेब अवघडून इंग्रजीत म्हणाला,

“मास्तर, माझे पणजोबा विलायतेत वारले. त्यांची कबर मी पाहिलीय. आमच्या घरच्या नोंदींप्रमाणे त्यांचा भाऊ इकडे वारला, पण तो धुळ्याला पुरलाय.”

माझं तोंड एवढंसं झालं. मग या चुन्याखाली कोण? तेवढ्यात साहेबानं माझा दंड धरला.

“ती बाई काय विचारतेय?”

कोण बाई? चहूकडे कापूस वेचून झालेलं उघडं रान. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला तर ‘पाणी’ हा शब्दही येत नव्हता. पण ऐकलेलं त्यानं अडखळत म्हणून दाखवलं — “मना… मुराळी… उना का?”

आमची अहिराणी! माझा मुराळी आला का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकींना माहेरी आणायला भाऊ जातो, तो मुराळी. आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं — ओटी बाईची भरतात. पुरुषाची कोण भरतं?

घरी जाऊन विचारलं. माय तोंडाला पदर लावून आत गेली. नाना खाली बघत म्हणाले, “तुन्हा पणजानी बहीण शे ती. सायबले दिधी, जमीन लिधी. आखाजीले लेवाले येस, असं सांगं व्हतं तिले… कोनी गयंच नही. वाट देखी देखी मरनी.”

“आणि वाघ?”

“वाघ कसाना? बठ्ठा गावले माहीत शे. तू शिकेल माणूस, तुले कोन सांगी?”

म्हणजे मी ती फुशारकी मारायचो तेव्हा सगळं गाव गालातल्या गालात हसत होतं! माझ्या सख्ख्या बापानं मला फसवलं होतं. आणि तिला सख्ख्या भावानं.

पुढच्या आखाजीला मी बैलगाडी जुंपून कबरीवर गेलो. भक्तीनं नाही, रागानं. नानांना लाज वाटावी म्हणून. मोठ्यानं म्हणालो, “आत्या, मी मुराळी उनू. चाल घर.” काही झालं नाही. माझं मलाच हसू आलं.

परत निघालो तर बैल हलेनात. गाडी रिकामी, रस्ता सपाट, तरी जू मानेत रुतलं, बैलांच्या तोंडाला फेस आला. भरल्या गाडीच्या उमटाव्यात तशा खोल चाकोऱ्या मागे धुळीत उमटत होत्या. आमच्या दाराशी आलो आणि गाडी एकदम हलकी झाली.

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे पाहिलं. मग उठले, घरात गेले आणि आतून कडी लावली.

थोड्या वेळानं मायनं कडी काढली, मला एकट्यालाच आत ये म्हणाली. मी गेलो नाही. पुढे नाना वारले तेव्हाही अंगणातूनच खांदा दिला. माहेरी आणलेल्या लेकीला दारात उभी ठेवून मुराळी एकटाच आत कसा जाईल?