कापसाचा बर्फ

"तोरू का?"

तिचं बोलणं इथून सुरू व्हायचं. नमस्कार नाही, काय-कसं नाही. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, उजव्या हातात कोयता, आणि समोर जो कोणी असेल त्याला हा प्रश्न. 'तोडू का' असं ती विचारतेय हे परगावच्या माणसालाही कोयत्याकडं बघून कळायचं. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचा आवाज खालून आला की आपण जिना उतरायचं थांबतो आणि घरात जाऊन उगाच दूध तापवत बसतो.

आमची इमारत पळस्प्याजवळ, तिच्याच घरच्या भातशेतीवर उभी आहे. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात दिलेल्या घरांपैकी तळमजल्यावरचं तिनं स्वतःला ठेवलं, कारण दारात शेवगा हवा होता. त्या शेवग्याला केबलवाल्यानं वायर बांधली, तर तिनं वायर तोडलीच, वर त्याच्या शिडीवरही दोन घाव घातले. गाडी आडवी लावणाऱ्या एका साहेबाच्या तिनं कानाखाली वाजवली होती, आणि नंतर त्यालाच बोलावून जिताडा माशाचं कालवण खाऊ घातलं होतं. मी शाळेत शिकवते म्हणून मला ती मास्तरीण म्हणायची. मला तिचा मार कधी बसला नाही, शिव्या मात्र रोज बसल्या.

इथवर सांगताना हसू येतं. पुढचं सांगताना येत नाही.

तिचा एकुलता एक मुलगा. त्यानं वसईकडच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं आणि तिला घरी आणलं. म्हातारी पहिले काही महिने नुसती धुमसत राहिली. डिसेंबरात सुनेनं दिवाणखान्यात लहानसं प्लास्टिकचं ख्रिसमसचं झाड उभं केलं. त्या दिवशी म्हातारी ओवे गावी नात्यातल्या एका हळदीला गेली होती. हळदीला जमलेल्या बायकांनी तिला सुनेवरून नको नको ते ऐकवलं. ती परत आली तीच पेटून. दारातून आत पाऊल टाकलं, झाड दिसलं आणि कोयता उचलला.

मी आरडाओरडा ऐकून खाली धावले तेव्हा फांद्या जमिनीवर पडल्या होत्या आणि तिचे घाव अजून चालूच होते. सून झाडाला वाचवायला मध्ये आली आणि एक घाव तिच्या हातावर बसला. फरशीवर रक्त, त्यात चमकीच्या माळा. म्हातारीनं कोयता टाकला, पण तोंड बंद केलं नाही. मुलगा बायकोचा हात टॉवेलात गुंडाळून बाहेर पडला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "पोलिसांत जात नाय, त्यातच सगलं आलं. आता आमी मेलो तुला."

ते खारघरला राहायला गेले. तिथं मुलगी झाली. म्हातारी मला मुलीचे फोटो माझ्या फोनवर शोधायला लावायची आणि बघून झाले की मलाच शिव्या द्यायची. सुकट, बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या अशी पुडकी ती रिक्षावाल्याबरोबर पाठवायची. ती जशीच्या तशी परत यायची. परत आलेलं पुडकं ती गटारात भिरकावायची आणि दिवसभर कुणाला ना कुणाला झोडपायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदमच.

नात बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तसा मुलगा जरा विरघळला. एकदा त्यानं फोन लावून दिला. मी शेजारी होते. पोरीनं विचारलं, "आजी, तुझ्याकडं ख्रिसमस ट्री आहे?"

"हाय," म्हातारी म्हणाली.

"बर्फवालं?"

"बर्फवालं हाय."

"मग मी येते."

सुनेनं परवानगी दिली, पण अट घालून. नाताळच्या संध्याकाळी तासभर. एक जरी शिवी निघाली, कुणावर हात उगारला, तर तिथूनच परत आणि पुन्हा कधी नाही. फोन ठेवल्याबरोबर म्हातारीनं काष्टा पुन्हा घट्ट मारला. मग मला म्हणाली, "मास्तरनी, चल. झार आनू."

बाजारात, लाइन आळीतल्या एका दुकानातून आम्ही पाच फुटी झाड आणलं. ते उभं करणं हे काम नव्हतंच, मारामारी होती. लोखंडी तिपाई डुगडुगली म्हणून तिनं तिपाईच्या पायांवर पाटा ठेवला. दुमडलेल्या फांद्या मी हळूहळू उलगडत होते, ती मात्र एकेकीचा हात पिरगाळावा तशा ओढत होती. शेवटी तिनं झाड दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. आगरी लग्नात मांडवाची मेढ रोवल्यावर ती पडणार नाही ना, हे बघायला असंच हलवतात. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. मांडवाला बांधतात तशा गाठी मारून तिनं नायलॉनच्या दोरीनं ते खिडकीच्या गजांना जखडून टाकलं.

"पोरीच्या अंगावर परलं तर?" ती म्हणाली. काचेचे गोळे तिनं सगळ्यात वर टांगले, खाली फक्त कापडी. दिव्यांची माळ लावून बघताना एका ठिकाणी ठिणगी उडाली, तर ती माळ घेऊन दुकानात गेली आणि गल्ल्यावर कोयता ठेवून बोलायला लागली. दुकानदारानं न विचारता दोन नव्या माळा दिल्या. राहिला बर्फ. तिनं घरातली उशी फाडली आणि झाडाखाली कापूस पसरला.

इतका जीव लावून सगळं बांधलं, तपासलं. चूक झाली ती तिसरीकडंच. तिच्या दारातल्या तुळशीपुढं एकही संध्याकाळ दिव्याशिवाय गेली नव्हती. मग घरात मानानं उभं केलेलं झाड दिव्यावाचून कसं ठेवायचं? नाताळच्या संध्याकाळी पाहुणे यायच्या जरा आधी तिनं तेलाचं निरांजन लावलं, झाडाला हळदकुंकू वाहिलं आणि निरांजन बुंध्यामागं कापसात ठेवून दिलं. मला बोलावलं ते पाहुण्यांबरोबरच, त्यामुळं मला ते दिसलं नाही.

नात आई-बापाबरोबर, फुग्यासारखा फ्रॉक घालून आली. सून उंबऱ्याच्या आतच उभी राहिली, हात छातीशी बांधून. म्हातारीच्या ओठांवर शिव्या येत होत्या आणि ती त्या गिळत होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पोरगी झाडाकडं पळाली आणि बर्फ उधळायला कापसात दोन्ही हात घातले.

निरांजन कलंडलं. कापूस भप्पकन पेटला आणि ज्वाळा फांद्यांत शिरल्या. म्हातारीनं पोरीला एका हातानं मागं फेकलं, इतक्या जोरात की ती भिंतीवर आपटली. मग तिनं झाड ओढलं. ते हलेना. तिच्याच गाठी त्या. पडद्यापर्यंत आग गेली. तिनं कोयता घेतला आणि दोऱ्यांवर घाव घालायला लागली. सुनेनं पोरीला पोटाशी धरून डोळे मिटून घेतले. याच खोलीत, याच बाईच्या हातात कोयता आणि समोर झाड, हे तिनं आधी एकदा बघितलं होतं.

दोऱ्या तुटल्या. वितळतं प्लास्टिक ठिबकत होतं, तरी म्हातारीनं नुसत्या हातांनी झाड धरलं आणि फरफटत दाराबाहेर नेऊन अंगणात टाकलं. मुलानं पडदा ओढून खाली पाडला आणि पायांनी तुडवला. काळ्या धुरानं घर भरलं होतं. आम्ही खोकत बाहेर आलो. पोरगी रडत होती, पण तिला कुठं भाजलं नव्हतं.

"दिवा कोणी ठेवला?" सुनेनं विचारलं.

"मी."

सुनेनं तिच्या थोबाडीत मारली. चांगली खणखणीत, अंगणात जमलेल्या सगळ्यांसमोर. त्या बाईवर हात उचललेला आजवर कुणी बघितला नव्हता. म्हातारी जागची हलली नाही. हिरवं प्लास्टिक तिच्या तळव्यांना चिकटलं होतं, कातडी सुटत होती. ती म्हणाली, "आजून मार. पन पोरीला नेऊ नको."

सुनेची नजर तिच्या तळव्यांवर गेली. मग तिनं म्हातारीला कोपरांना धरून अंगणातल्या नळाखाली नेलं आणि रिक्षा येईपर्यंत तिचे हात पाण्याखाली धरून ठेवले. आपण रडतोय हे तिला कळतही नव्हतं. म्हातारी मात्र रडली नाही. तिची नजर पोरीवरून हलत नव्हती.

भाजलेले हात बरे झाले, पण बोटं आत वळली ती वळलीच. ती सरळ होईनात, मिटेनात. भरवायला कोणीतरी हवं म्हणून सून आधी काही दिवसांसाठी आली आणि मग तिघंही इथंच राहिली. प्रत्येक घासाला म्हातारी मीठ कमी म्हणून खेकसायची आणि सून तिला "गप जेवा, आई" म्हणून दुप्पट खेकसायची. वर माझ्या घरात सगळं ऐकू यायचं. ते ऐकत मी स्वयंपाक करायचे.

गेल्या होळीनंतर ती गेली. तळमजल्यावरून आता भांडणाचा आवाज येत नाही. अजून मी जिन्यात थबकते आणि मग वाईट वाटतं.

मला ती आठवते ती तिच्या शेवटच्या नाताळची. दुपारची वेळ होती. सून झाड सजवत होती आणि म्हातारी खुर्चीत बसली होती. नात खोक्यातून एकेक चांदणी काढायची आणि आधी आजीच्या वाकलेल्या बोटांत अडकवायची. मला वाटलं, आता ही हात झटकणार. दहाही बोटांना चांदण्या लटकल्या, पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली, तरी ती तशीच बसली होती. सून चांदण्या काढून घ्यायला वाकली.

"राहू दे गो," म्हातारी हळूच म्हणाली. "पोर उठंल."