पास्टरना किती मार्क

बाबांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून टेक्सासमधल्या प्लेनोच्या आमच्या घरी त्यांचं सगळं करायला एक बाई येऊ लागली. आफ्रिकेतल्या एका छोट्याशा देशातली. तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला लहानपणी बाप्तिस्मा देणारे पास्टरच तिकडे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले होते. निकालाच्या दिवशी ती आमच्यासाठी केक घेऊन आली, इतकी हरखली होती.

बाबा नागपूरचे गणिताचे मास्तर. उभा जन्म पेपर तपासले, जावयालासुद्धा मार्क दिल्याशिवाय सोडलं नाही. दर शुक्रवारी ती दाढी करून द्यायची आणि बाबा आपल्या मास्तरी इंग्रजीत विचारायचे, "काय गं, तुझ्या साहेबांना या आठवड्यात किती?" आधी ती नव्वद द्यायची. मग तिकडे पेट्रोलच्या रांगा लागल्या, सत्तर झाले. मग पन्नास. "माणूस चांगला आहे हो बाबा," ती वर सांगायची, "आजूबाजूचे काम करू देत नाहीत."

माझं डोकं फिरायचं. हिची बहीण तिकडे डायलिसिसवर, आणि सरकारी हॉस्पिटलातलं सामान संपलं की आठवडा आठवडा मशीन बंद. एकदा मी फटकन बोलले, "प्रवचन देणं वेगळं आणि देश चालवणं वेगळं. देवमाणूस आहे म्हणून पास करणार का त्याला?" ती नुसती टॉवेलची घडी घालत राहिली. मला तेव्हा गप्प बसता आलं असतं.

बहीण गेली. हिचे व्हिसाचे कागद अडकलेले, त्यामुळे जाता आलं नाही.

त्या शुक्रवारी ती वेळेवर आली. बाबा काही विचारेनात. निम्मी दाढी झाल्यावर तीच म्हणाली, "विचारा ना, बाबा."

"आज राहू दे, पोरी."

"शून्य," ती म्हणाली आणि हातातलं रेझर तसंच धरून रडायला लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बरोबर आहे, शून्यच द्यायला हवं त्याला.

"त्याला नाही," ती म्हणाली. "मला. रोज सकाळी गुडघे टेकून त्याच्यासाठी मागायचे. त्याला बुद्धी दे, बळ दे. वाटायचं, त्याचं नीट झालं की सगळ्यांचंच होईल, तिचंही होईल. तिच्यासाठी वेगळं मागायचं राहूनच गेलं, बाबा."