उपराष्ट्रपती नेमके कोणाचे

आमच्या विहारात संविधान दिनाच्या आधीच्या रविवारी प्रश्नमंजुषा असते. विहार म्हणजे पूनम सागर वसाहतीच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. पूर्वी तिथे लाद्यांचं दुकान होतं, आता बुद्धमूर्ती आहे आणि पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या. वंदना झाली की कोरे कागद वाटतात, वीस प्रश्न वाचून दाखवतात. बक्षीस एकच: ज्याला सर्वांत जास्त गुण, त्याने सव्वीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळ्यांपुढे उभं राहून उद्देशिका म्हणायची. तो एकेक ओळ सांगणार, बाकीचे त्याच्यामागून म्हणणार. कप नाही, शाल नाही. तरी लोक महिनाभर आधी पुस्तक काढून बसतात.

प्रश्न काढायचं आणि कागद तपासायचं काम माझ्याकडे. सगळी नोकरी सरकारी कचेरीत झाली, त्यामुळे राज्यकारभारातलं मला कोणी शिकवावं असं मला वाटत नाही. वाटत नव्हतं, असं म्हणायला हवं.

गेल्या वर्षी अकरावा प्रश्न होता: उपराष्ट्रपती शासनाच्या कोणत्या अंगात मोडतात, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ की न्यायमंडळ? माझ्या यादीत उत्तर कायदेमंडळ. मी गुण वाचून दाखवले. एका कॉम्प्युटर कंपनीतल्या गृहस्थांना वीसपैकी वीस, आणि त्यांच्या खालोखाल एका ताईंना एकोणीस. या ताई पन्नाशीच्या, मूळच्या परभणीकडच्या, जवळच्या मुर्धा गावात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. एका शाळेत साफसफाईचं काम करतात. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, मुलीच्या पाटीवर. त्यांचा एकच गुण गेला होता तो अकराव्या प्रश्नाचा.

त्या उभ्या राहिल्या. हातात पुठ्ठा सुटलेलं मराठी संविधान होतं.

"सर, उपराष्ट्रपती कार्यकारी मंडळात येतात. पुस्तकात तसंच हाय."

पुस्तक बघायला काय हरकत होती? पण पन्नास माणसांसमोर बघायचं म्हणजे आपली खात्री नाही असं कबूल करणं. मी म्हणालो, "ताई, उपराष्ट्रपती बसतात कुठे? राज्यसभेत. खुर्ची कोणाची? सभापतींची. मग ते कायदेमंडळाचे नाहीत तर काय पोस्ट खात्याचे?"

लोक हसले. मलाही माझाच विनोद आवडला.

ताई हसल्या नाहीत. "बसतात तिथं, पण तिथले न्हाईत, सर. मी बारा वर्षं शाळेत हाय. सकाळी वर्गांची कुलपं मीच काढते. पण शाळेच्या हजेरीत माझं नाव न्हाई, ठेकेदाराच्या हजेरीत हाय. नाव ज्याच्या पानावर, माणूस त्याचा."

"बसा," मी म्हणालो. त्या बसल्या.

घरी येऊन जेवण झाल्यावर मी पुस्तक काढलं ते ताईंची चूक दाखवण्यासाठीच. कलम लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या वर्षी वाद नको. पाचव्या भागाचं पहिलंच प्रकरण कार्यकारी यंत्रणेचं. त्यात राष्ट्रपती, आणि त्यांच्या पाठोपाठ त्याच प्रकरणात उपराष्ट्रपती. संसदेचं प्रकरण त्यानंतर सुरू होतं. संसद कोणाकोणाची मिळून बनते हे तिथे सांगितलंय: राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. उपराष्ट्रपतींचा त्यात उल्लेख नाही. उलट ते कुठल्याही सभागृहाचे सदस्य असता कामा नयेत असं आधी सांगून ठेवलंय. राज्यसभेचं सभापतिपद त्यांच्याकडे पदामुळे चालून येतं, आणि राष्ट्रपतींची जागा सांभाळायची वेळ आली की ते काम बाजूला ठेवावं लागतं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काम दोन्हीकडचं, म्हणून वाद घालणारे घालतातही. पण माझा प्रश्न ते कोणत्या अंगात मोडतात एवढाच होता, आणि पुस्तक त्याचं सरळ उत्तर देत होतं. कचेरीत आम्ही माणूस खुर्चीवरून ओळखायचो. कोण कुठल्या टेबलावर बसतो ते बघायचं आणि नमस्कार किती वाकून करायचा ते ठरवायचं. तीच सवय मी दिल्लीपर्यंत नेली होती.

सोमवार मी पळवाट शोधण्यात घालवला. प्रश्न संदिग्ध होता म्हणून रद्द करावा, दोघांचेही एकोणीस होतील, चिठ्ठ्या टाकू, आणि माझी चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. कागदावर अगदी नीट बसत होतं. असे कागद मी आयुष्यभर नीट बसवले आहेत.

मंगळवारी दुपारी मात्र रिक्षा करून मी ताईंच्या शाळेत गेलो. फाटकावर वॉचमनला ताईंचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "टीचर है?"

"नहीं, सफाई का काम करती है. बारा साल से."

"अच्छा, वो. अंकल, वो स्कूल की नहीं है, कॉन्ट्रॅक्टवाली है. इधर ही रुको, बुलाता हूँ."

मी तिथेच उभा राहिलो. रविवारी ताईंच्या ज्या बोलण्यावर मी नुसतं 'बसा' म्हणालो होतो, तेच मला फाटकावर ऐकवलं गेलं होतं, आणि सांगणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला फार लाज वाटली.

ताई हात पुसत आल्या. मी सांगून टाकलं. "ताई, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं."

"मला म्हाईत हाय सर." मग म्हणाल्या, "उद्देशिका इथं दरवर्षी म्हणतात. पोरं लायनीत, सर-मॅडम स्टेजवर. मी मागं नळापाशी उभी राहून म्हणते. तोंडपाठ हाय. एकदा पुढं उभं राहून म्हणायची होती, बस."

मी घाईने म्हणालो, "म्हणा ना. मी त्या गृहस्थांशी फोनवर बोलतो, ते समजूतदार आहेत, माघार घेतील. कोणाला काही कळायचं नाही."

"तसं नको," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सगळ्यांपुढं तुम्ही मला बसा म्हणलात. आता सगळ्यांपुढंच उठा म्हणा."

बुधवारी संध्याकाळी गाळा भरला होता. मी पुस्तक घेऊन उभा राहिलो, ते पान वाचून दाखवलं, आणि अकराव्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं होतं, ताईंचं बरोबर होतं, आणि पुस्तक न बघता मी त्यांना गप्प केलं, हे सगळं सांगितलं. कॉम्प्युटरवाले गृहस्थ स्वतःच म्हणाले, "मग माझेही एकोणीसच की." मी ताईंकडे वळून म्हणालो, "ताई, उठा."

त्या निळी साडी नेसून आल्या होत्या. मी छापील कागद पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. सगळे उभे राहिले. ताई एकेक ओळ सांगत होत्या, सावकाश, आणि पन्नास आवाज मागून येत होते. मधेच मी ताईंकडे बघत राहिलो आणि एक ओळ माझ्याकडून राहिली. बाकीच्यांची म्हणून झाली होती. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, पुढची ओळ घेतली नाही. मी माझी ओळ पूर्ण करेपर्यंत त्या थांबून राहिल्या.