राशीत विसरलेली आर

गणितात पहिला आलेला माणूस कधी फसत नाही, असं वाटतं ना तुम्हाला? मी फसलो, आणि तेही मुलगी बघायला गेलो तिथे!

पुण्याहून नुकताच गणित घेऊन बी.ए. होऊन धुळ्याला परतलो होतो. पिंपळनेरजवळच्या एका गावातलं स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील, म्हणजे नाना, मला थेट खळ्यावर घेऊन गेले. ज्वारीची रास पडलेली, आभाळ भरून आलेलं, आणि गाडी रिकामी पोती आणायला पिंपळनेरला निघालेली. नानांच्या अंदाजाने तेवीस पोती लागणार होती. मी म्हटलं, अंदाज कशाला, गणितानेच सांगतो.

दोरी लावून मोजलं. रास बारा फूट रुंद, तीन फूट उंच. आता आडवं-उभं अंतर धरून इंटिग्रेशन मांडलं तर वर्गमुळांचं रान माजतं. पण रास गोल! मग मधोमध एक बिंदू धरायचा, तिथून लांबी आणि कोन घ्यायचा, दोन ओळींत काम फत्ते. उत्तर आलं बारा पोती. नानांनी माझ्या शिक्षणाला मान देऊन बाराच मागवली.

दुपारी गाडी आली, बारा भरली, आणि निम्मी रास तशीच खळ्यात.

मी कागद घेऊन बांधावर बसलो. मधल्या बिंदूपासून जितकं लांब जावं तितका राशीचा तुकडा रुंद होतो, म्हणून त्याला त्या लांबीने गुणावं लागतं. लांबीला आम्ही इंग्रजी ‘आर’ हे अक्षर वापरतो. नेमकं तेच गुणायचं राहिलं होतं! आनंदाच्या भरात मी ओरडलो, "नाना, चूक सापडली. आर विसरलो!"

"कोठे?"

"राशीत."

आता शेतकऱ्याला आर म्हणजे काय? बैल हाकायच्या काठीचं लोखंडी टोक. ते ज्वारीत गेलं तर बैलाच्या नाही तर माणसाच्या घशात जायचं. नानांनी हाळी दिली, "बठ्ठा या रे, राशीमा आर पडनी शे!"

सगळेच धावले. गाडीवान आला, शेजारी आले, आजेसासू होऊ घातलेल्या अक्का चाळणी घेऊन आल्या. रास खळंभर पसरली. मी दोनदा तोंड उघडलं, पण समोर मुलगी ज्वारी चाळत होती. तिच्यादेखत खुलासा तरी काय करणार? शेवटी मीही गुडघे टेकून शोधायला लागलो. चांगला तासभर.

थेंब पडायला लागले तेव्हा कुठे कबूल केलं. नानांनी हातातली ज्वारी खाली सोडली.

"म्हंजे आर कागदवर शे?"

"हो."

उरलेली ज्वारी आम्ही घोंगड्यांत, लुगड्यांत आणि माझ्या नव्या कोऱ्या उपरण्यात भरून घरात नेली.

स्थळ हातचं गेलं, असं धरून मी घरी आलो. आठ दिवसांत होकार आला. मला वाटलं, माझी विद्वत्ता!

लग्नानंतर बायकोला विचारलं, तू हो का म्हणालीस?

ती म्हणाली, "आर पडलीच नाही, हे तुमच्या तोंडावरून मला लगेच कळलं होतं. तरी चारचौघांनी शोधायला घेतल्यावर तुम्हीही तासभर शोधत बसलात. म्हटलं, हा माणूस संसाराला सोपा जाईल."