चुकलेली गुंडी

जानकीच्या सदऱ्याची गुंडी रोज चुकलेली असे. वरची गुंडी दुसऱ्या काजात, दुसरी तिसऱ्यात, असे करत शेवटी खाली एक गुंडी बिनकाजाची उरे आणि गळ्याशी एक काज बिनगुंडीचे. सदऱ्याला सात गुंड्या आणि सात काजे. त्यांत रोज चूक कशी होते हे मला समजत नसे. मी हिशेबाचा माणूस. एखाद्या वेळी होते ती चूक मी सोडून देतो, पण रोज तीच चूक होत असेल तर तिला काही कारण असते. ते कारण कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

मी ‘जानकी’ लिहितो आहे, पण त्या काळी तिचे नाव व्यंकटेश होते आणि गल्लीत सगळे तिला व्यंकू म्हणत. लिहायला बसण्यापूर्वी मी तिला विचारले, की जुन्या दिवसांबद्दल ‘तो’ लिहू की ‘ती’. ती म्हणाली, “‘ती’च लिहा अण्णा. तेव्हाही तीच होते. तुम्हाला दिसत नव्हतं एवढंच.” म्हणून पहिल्यापासून ‘ती’ लिहितो.

कुंभकोणममध्ये आमची घरे समोरासमोर आहेत. दोघांची कुटुंबे तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेली, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. पितळी भांड्यांच्या एका घाऊक दुकानात मी हिशेब पाहतो आणि जानकी माल बाहेरगावी पाठवण्याचे काम पाहते. सकाळी आम्ही एकाच वेळी निघत असू. मी पायांत चपला घालून उभा असे आणि समोरच्या ओट्यावर तिची आई, अंबुजाबाई, तिला अडवी.

“थांब रे. गुंडी.”

मग त्या सातही गुंड्या काढून पुन्हा लावत. नऊवारी नेसलेली, जेमतेम खांद्याला लागेल एवढी बाई, आणि पुढ्यात उंच, हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण असलेले मूल, मान वर करून रस्त्याकडे पाहत उभे. “एवढा थोर जाहलास, गुंडी कळत नाही,” असे अंबुजाबाई रोज म्हणत. त्यांची मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी. पुण्याकडचे पाहुणे आले की त्यांचे बोलणे ऐकून गालातल्या गालात हसत, तर त्या म्हणत, “हसा. तुमचीच भाषा आहे, तुम्ही हरवलीत, आम्ही ठेवली.”

एकदा मी जानकीला उपाय सांगितला. म्हटले, वरून सुरुवात करू नकोस. खालची गुंडी आधी लाव, खालच्या दोन कडा जुळवून. म्हणजे चुकायचे कारणच नाही.

ती म्हणाली, “त्याला खाली बघावं लागतं ना अण्णा.”

मला ते उत्तर आळशीपणाचे वाटले.

तिचे सगळे सदरे राखाडी रंगाचे आणि एक माप मोठे असत. दिवाळीला दुकानातून कापड मिळे, त्यातले सर्वांत फिके ती उचली. शिंप्याने “मापाला या” म्हटले तर जात नसे, जुना सदरा पाठवून देई. दुकानातले हमाल तिला चिडवत, “काय व्यंकू, गोणी घालून आलास?” ती म्हणे, “गोणीच आहे. आतला माल फुटू नये म्हणून.” सगळे हसत, तीही हसे. तमिळमध्ये ती मोकळी बोलायची, कारण तमिळमध्ये ‘आलो’ आणि ‘आले’ एकच. घरी मराठीत ती फार कमी बोले. आम्ही समजलो, स्वभाव.

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एका सोमवारी, ती सुती साडी नेसून दुकानात आली. आधी मालकांना भेटून, मग मला आणि माझ्या बायकोला भेटून तिने सांगून ठेवले होते, त्यामुळे आम्हाला धक्का बसला तो सांगण्याने, साडीने नव्हे. मालकांनी तिला नखशिखांत पाहिले आणि विचारले, “त्रिचीचा माल आज जाणार ना?” ती म्हणाली, “जाणार.” “मग जा, बघ,” ते म्हणाले. त्यांच्याकडून एवढेच. हमालांत एकजण दोन आठवडे शीळ घालत होता. तिने त्याला सगळ्यांदेखत विचारले, “तुझी बायको साडी नेसते तेव्हाही घालतोस का रे?” मग थांबला.

त्या काळात मी तिला गुंडीबद्दल विचारले आणि तिने सांगितले. सदरा ती आरशात न बघता घालायची. नजर भिंतीवर ठेवून, अंदाजाने. दाढीसुद्धा चाचपून. “बघितलं असतं तर घालता आला नसता,” ती म्हणाली. “सदरा म्हणजे छत्री हो अण्णा. छत्री कोणी आवडते म्हणून धरतं का? भिजायचं नाही म्हणून धरायची. पण एकोणचाळीस वर्षं हात वर धरून बघा कसा लागतो.”

जानकीसारख्या सर्वांचे असेच असते असा माझा समज झाला, तो तिनेच काढून टाकला. सेल्वी ही तिच्यासारखीच एक मैत्रीण, जवळच्या दारासुरमला रेशीम विणते. सेल्वी लग्नकार्याला जरीची साडी नेसते, पण मागावर बसताना लुंगी आणि जुना सदरा. जानकीने आपले सगळे राखाडी सदरे तिला दिले. “तिला काही वाटत नाही,” जानकी म्हणाली. “ती म्हणते, ‘मी बाई आहे हे मला ठाऊक आहे, ते लुंगीला सांगत बसू का? मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं तर लुंगीच बरी.’” सेल्वीकडेच रविवारी एक गृहस्थ येत. बायकोमुले असलेले, नोकरदार. तास-दोन तास साडी नेसून, कॉफी पिऊन, पुन्हा पँट-शर्ट चढवून जात. जानकीला त्यांचे नवल वाटे. “शीळ घालत पँट चढवतात! मला तर श्वास रोखावा लागायचा. त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘मला दोन्ही आवडतं बुवा, दोन्ही माझंच आहे.’” तिने मान हलवली. “देवाने एकेकाला काय काय सोपं करून दिलंय.”

अंबुजाबाईंनी मात्र काहीच म्हटले नाही. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ताट वाढत, पाणी ठेवत. पण व्यंकू म्हणणे त्यांनी बंद केले आणि जानकी म्हणणे सुरू केले नाही. “जेवण जाहले,” असे घरातल्या भिंतीला सांगितल्यासारखे सांगत. आणि सकाळी ओट्यावर बसणे सोडले. माझ्या बायकोने एकदा त्यांना विचारले, तर म्हणाल्या, “बसून काय करूं? हातांस काम नाही.”

जानकीला बाकी कोणाचे फारसे काही वाटत नसे. आईने एकदा नावाने हाक मारावी, एवढेच तिला हवे होते. ती माझ्या बायकोला म्हणे, “वहिनी, घाई नाही. तिला वेळ लागेल.” पण वेळ उलटाच निघाला. तीन वर्षांनी अंबुजाबाई विसरू लागल्या. आधी दिवा लावलेला विसरल्या, मग गल्ली, मग मागची तीन वर्षे. ती तीन वर्षे पुसली गेली आणि त्या व्यंकूला शोधू लागल्या.

“ही बाई कोण? व्यंकू कोठे गेला?”

जानकीच्या हातचे त्या खाईनात. माझी बायको दहीभात घेऊन गेली, तर तोंड मिटून बसल्या. “व्यंकू आल्यावर जेवीन.” दोन दिवस दूध आणि पाणी यांपलीकडे काही पोटात गेले नाही. डॉक्टर म्हणाले, कोणत्याही युक्तीने खायला घाला.

मी जानकीला म्हटले, “दिवसाचे चोवीस तास. त्यातला एक तास सदरा घाल. तेवीस उरतातच.”

ती म्हणाली, “अण्णा, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तो सदरा घालायला मिनिट लागतं आणि काढायला एकोणचाळीस वर्षं लागली होती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्याकडे आली. “तुमचा एखादा सदरा द्या. राखाडी नको.” मी माझा निळ्या चौकड्यांचा दिला, खाली नेसायला एक पांढरी वेष्टीही दिली. आतल्या खोलीत कपाटाला लांब आरसा आहे. ती बाहेर आली तेव्हा केस घट्ट बांधून मागे कॉलरमध्ये खोचलेले होते आणि सातही गुंड्या बरोबर लागलेल्या होत्या. माझे लक्ष आधी तिकडेच गेले.

“बघून घातला,” ती म्हणाली. “आयुष्यात पहिल्यांदा. नाटकाला उभं राहायचं तर पोशाख बघूनच करावा लागतो.” मग माझ्या बायकोला, “कसा दिसतो वहिनी तुमचा दीर?” बायको हसली आणि लगेच आत गेली.

आम्ही तिघेही समोर गेलो. अंबुजाबाईंनी तिच्याकडे पाहिले. तोंडाकडे नव्हे, छातीकडे. खालून वर, एकेक गुंडी.

“हा व्यंकू नव्हे,” त्या म्हणाल्या. “त्याची गुंडी कधी नीट नसते. कोणी पाठविले रे तुला?”

जानकीने आमच्याकडे तोंड केले आणि भराभर सगळ्या गुंड्या काढून एक काज सोडून लावल्या. हसत होती, डोळ्यांतून पाणीही येत होते. वळली आणि आईपुढे वाकली.

“थांब रे,” अंबुजाबाई म्हणाल्या. “गुंडी.” सात गुंड्या काढल्या, सात लावल्या. एकही काज चुकले नाही. “एवढा थोर जाहलास.” मग ताट पुढे ओढले आणि जेवल्या.

तेव्हापासून रोज दुपारी ती दुकानातून घरी जाई, माझा सदरा चुकीचा घाली, आईला जेवू घाली आणि पुन्हा साडी नेसून परत येई. मी विचारले, त्रास होतो का? ती म्हणाली, “पूर्वी गुंडी चुकायची, आता मी चुकवते. फरक एवढाच. पण पुष्कळ आहे.” मग थोड्या वेळाने, “एक मात्र आहे. तिला मिळतो तो व्यंकू. मला ती मिळत नाही.”

ऐप्पसी महिन्यात, पावसाच्या दिवसांत, एकदा सदरा वाळलाच नाही. दुकानात माल चढवायचा राहिलेला, ती उशिरा आली, पदर कसाबसा खोचलेला, निऱ्या एका बाजूला सुटलेल्या. तशीच ताट घेऊन बसली. आज आई खाणार नाही हे धरूनच चालली होती. माझी बायको तिथे होती, तिने मला सांगितले ते असे.

अंबुजाबाईंचा हात सवयीने पुढे आला. छातीवर चाचपला, गुंडी सापडेना. मग त्यांनी सुटलेल्या निऱ्यांकडे पाहिले.

“तूं कोणाची गं?”

“तुमचीच,” जानकी म्हणाली.

“माझी? मग तुजला निऱ्या घालावयास कोणी शिकविले नाही? ऊठ. उभी राहा.”

जानकी उभी राहिली. आईने बसल्या जागेवरून निऱ्या ओढून काढल्या, बोटांवर घेतल्या, मोजल्या, सारख्या केल्या आणि खोचल्या. “कासोटा तरी कोठे आहे? आजकालच्या मुली,” असे पुटपुटत होत्या. मग दहीभात मागितला. जेवून झाल्यावर म्हणाल्या, “व्यंकूस सांग, मी जेवले म्हणावे. उगा वाट पाहील.”

“सांगते,” जानकी म्हणाली.

नावाने हाक शेवटपर्यंत आली नाही. पण सदरा त्यानंतर लागला नाही. ती रोज निऱ्या बिघडवून जाई आणि आई रोज तेच विचारी, तू कोणाची, तुला कोणी शिकविले नाही काय. माझी बायको म्हणे, एवढ्या वेळा तर कोणत्याच मुलीला आईने साडी शिकवली नसेल.

पुढे मार्गळी महिन्यात, थंडीच्या दिवसांत, अंबुजाबाई गेल्या. तंजावरचे नातेवाईक आले आणि त्यांतल्या एका वडीलधाऱ्याने जानकीला बाजूला घेऊन समजावले. अग्नी मुलानेच द्यायचा असतो. घटकाभर वेष्टी नेस, आईसाठी एवढे नाही करणार? ती शांतपणे म्हणाली, “आई जेवत नव्हती म्हणून सदरा घातला मामा. आता तिला जेवायचं नाही.” अग्नी तिच्या मामेभावाने, म्हणजे अंबुजाबाईंच्या भावाच्या मुलाने दिला. जानकी साडीत गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि तिथे उभी राहिली.

तेराव्यानंतर तिने माझा सदरा परत आणून दिला. धुतलेला, इस्त्री केलेला, सातही गुंड्या बरोबर लावलेल्या.

आता सकाळी पुन्हा आम्ही एकाच वेळी निघतो. समोरच्या ओट्यावर कोणी नसते. जानकी दाराला कुलूप लावते आणि मला रोज दिसते, की तिच्या डावीकडच्या दोन निऱ्या सुटलेल्या आहेत. कपाटाला लावायचा लांब आरसा तिने अलीकडेच घेतला. घरापर्यंत उचलून आणायला मीच मदत केली होती. साडी ती त्यात बघूनच नेसते.

मी काही उपाय सुचवत नाही.